रद्दीत गेलेली लॉगबुकं : एका पटकथाकाराच्या वारशाचं प्रकरण

हे प्रकरण खानदेशातल्या एका कुटुंबाचं आहे. कुटुंबाच्या इच्छेवरून माणसांची नावं, गाव, चित्रपट, वर्षं आणि कॉलसाइन (हौशी रेडिओ चालवणाऱ्याची हवेतली ओळख-अक्षरं) गाळले आहेत. घरातल्या कागदांची यादी करायला मला बोलावलं होतं, त्यामुळे यातलं बरंचसं प्रत्यक्ष पाहिलेलं आहे. उरलेलं त्या-त्या माणसाकडून ऐकलेलं.

पार्श्वभूमी

नाना अमळनेर-पारोळ्याच्या पट्ट्यातल्या एका शेतकरी घरातले. शिक्षण अमळनेरला झालं, मग मुंबई. हिंदी चित्रपटांच्या पटकथा लिहून त्यांनी नाव कमावलं, मानसन्मान मिळवले. मधली तीनेक वर्षं ते एका चित्रपट कंपनीच्या कथा विभागात पगारी नोकरीला होते. तिथून राजीनामा देऊन गावी परतले आणि पुढचं जवळजवळ सगळं लेखन गावच्या माडीवर बसून केलं. निर्मात्यांना बोलायचं असेल तर त्यांनीच गाडी करून यावं, शेवभाजी-भाकरी खावी आणि संध्याकाळच्या आत निघावं, अशी त्यांची रीत होती. संध्याकाळनंतर नाना रेडिओवर असत.

सत्तरच्या दशकात परीक्षा देऊन त्यांनी हौशी रेडिओचा, म्हणजे हॅमचा परवाना काढला होता : घरच्या सेटवरून हौस म्हणून दूरच्या माणसांशी बोलायचा. हा परवाना केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाचा डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) विंग देतो. त्यासाठी रेडिओचं तंत्र, नियम आणि तेव्हा मोर्स ही तारेची सांकेतिक भाषाही यावी लागे. माडीच्या कोपऱ्यात लढाईनंतरच्या लिलावातून फिरत आलेला एक जुना रिसीव्हर, ८०७ व्हॉल्व्हचा घरी बांधलेला ट्रान्समीटर, पितळी मोर्स-की आणि नंतरच्या काळात घेतलेला, बोलणं-ऐकणं दोन्ही करणारा १०० वॅटचा जपानी ट्रान्सीव्हर होता. गच्चीवर जाळीचा मनोरा उभा होता. त्याच्या टोकापासून उलट्या व्ही आकारात ताणलेली सुमारे २० मीटर लांबीची तांब्याची तार ही ७ मेगाहर्ट्झची, हॅम लोकांच्या भाषेत ‘फॉर्टी मीटर’ची अँटेना. अंगणात मीठ-कोळसा भरलेला अर्थिंगचा खड्डा होता आणि उन्हाळ्यात नाना त्यात स्वतः घागरभर पाणी ओतत. गावात कुणी संशय काढला की ते शांतपणे सांगत, राजीव गांधींकडेही हाच परवाना आहे. ते खरंच होतं, त्यांचा कॉलसाइन व्हीयूटूआरजी.

हौशी रेडिओवर धंद्याचं बोलायला मनाई आहे. रेडिओच्या चाचण्या, तांत्रिक गप्पा, किरकोळ घरगुती विचारपूस एवढंच चालतं. नानांनी ही मर्यादा कडक पाळली. भुसावळला रेल्वेच्या तारखात्यातून निवृत्त झालेले एक गृहस्थ त्यांचे हवेतले जुने सोबती. त्यांना सगळे तारबाबू म्हणतात. रोज संध्याकाळी गाठ पडायची, पण ज्यांच्याशी आपण बोलतो तेच ते पटकथाकार, हे तारबाबूंना कित्येक वर्षांनी वर्तमानपत्रातला फोटो पाहून कळलं.

या छंदाचा त्यांच्या लेखनावर परिणाम झाला, असं माझं मत आहे. हॅम सेटवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. तुम्ही बटण दाबलंय तोवर समोरच्याचं काही ऐकू येत नाही, त्याला मध्येच तोडता येत नाही, आणि तुमचं किती पोचलं, किती खरखरीत बुडालं, हे तो उलट बोलेपर्यंत कळत नाही. नानांच्या गाजलेल्या प्रसंगांत पात्रं तशीच बोलतात. एक जण मन मोकळं करून थांबतो, मग दुसरा बोलतो, आणि पहिल्याचं अर्धंच त्याच्यापर्यंत पोचलेलं असतं. समीक्षकांनी याचं श्रेय नाटकाला दिलं आहे. माडीवरचा सेट त्यांनी पाहिला नसावा.

अडचण

नाना गेले तेव्हा १९३३ चा भारतीय वायरलेस टेलिग्राफी कायदा लागू होता. त्याची जागा घेण्यासाठी पुढे दूरसंचार कायदा, २०२३ आला. जुन्या कायद्यानुसार परवान्याशिवाय वायरलेस यंत्र बाळगणं हाच गुन्हा होता, ते चालवा वा न चालवा. परवाना माणसाचा असतो, घराचा नाही. त्यामुळे नानांचा श्वास थांबला त्या दिवसापासून माडीवरचे ट्रान्समीटर तांत्रिकदृष्ट्या बेकायदा झाले. घरात हे कुणालाच ठाऊक नव्हतं.

घर धाकट्या भावाच्या, आप्पांच्या ताब्यात. शेती तेच पाहतात. तेराव्याचा कार्यक्रम झाल्यावर रंगकाम काढलं तेव्हा माडी मोकळी करायची वेळ आली. आप्पांचा मुलगा मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवतो. त्याने हौसेने घरच्या ट्रान्समीटरला थेट वीज जोडली. वर्षानुवर्षं पडून राहिलेला कंडेन्सर फटाक्यासारखा फुटला. कुणाला लागलं नाही, पण घरात धास्ती बसली. आप्पा म्हणाले, “आते या डबडास्नं काय करानं? भंगारमा टाकी द्या.”

डबडी वाचली, कारण भंगारवाल्याशी भाव जुळला नाही. वह्या मात्र गेल्या. नानांची लॉगबुकं, म्हणजे रेडिओवरच्या प्रत्येक संपर्काच्या नोंदवह्या, बांधीव, जाड पुठ्ठ्याची होती, प्रत्येक पानावर त्यांनी हाताने क्रमांक घातलेला. बाहेरून ती दुकानाच्या खतावणीसारखी दिसत. पटकथांचे गठ्ठे ‘नानाचं लिखाण’ म्हणून कपाटात जपून ठेवले गेले आणि ‘रेडिओच्या वह्या’ रद्दीच्या ढिगात पडल्या. पुण्याला बँकेत असलेल्या नानांच्या मुलीने, ताईंनी, तो ढीग पाहून बाकीच्या वह्या उचलल्या तोवर दोन पोत्यांत गेल्या होत्या. १४ पैकी ९ आणि १० क्रमांकाच्या.

या दोन वह्यांची किंमत पुढे कळली. नानांची एक पटकथा चित्रपट न होता राहिली होती. मुंबईच्या एका निर्मितीसंस्थेला ती मालिकेसाठी हवी होती. त्यांच्या वकिलाने पहिलाच प्रश्न विचारला : ही लिहिली कधी? कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, नोकरीच्या करारात असताना नोकरीचा भाग म्हणून लिहिलेल्या साहित्याचा पहिला मालक, वेगळं काही ठरलेलं नसेल तर, नोकरी देणारा असतो. म्हणजे ही संहिता त्या पगारी वर्षांतली निघाली, तर हक्क जुन्या कंपनीच्या वारसदारांकडे जाण्याची शक्यता. राजीनाम्यानंतरची निघाली तर ताई आणि कुटुंबाकडे. राजीनाम्याच्या पत्राची प्रत तारखेसह सापडली. संहितेवर मात्र कुठेही तारीख नव्हती.

तारखेऐवजी होते आकडे. जवळपास प्रत्येक पानाच्या वरच्या उजव्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक अक्षरात ९/३१, ९/४०, ११/७ असं काहीतरी. निर्मितीसंस्थेच्या माणसांनी ते प्रसंगांचे क्रमांक समजून क्रम लावायचा प्रयत्न केला आणि गोष्ट उलटीपालटी झाली. शेवटच्या पानावर तर प्रसंग अर्ध्यावर थांबून एकच ओळ होती : “पुढचं १०/१४२ वरून घ्यावं.”

समोरचे पर्याय

मी पोचलो तेव्हा घरात चार मतं होती. आप्पांना माडी रिकामी हवी होती आणि त्यात गैर काही नाही, घर राहत्या माणसाचं असतं. गावातल्या मंडळींना माडीचं स्मारक करायचं होतं : सेट, खुर्ची, चष्मा, भिंतीवर फोटो. मुंबईचा एक जुन्या वस्तूंचा संग्राहक रिसीव्हर आणि मोर्स-कीला बरी रक्कम द्यायला तयार होता. ताईंचा बेत नीटनेटका होता. पटकथा पुण्याच्या चित्रपट संग्रहालयाकडे, रेडिओचं सामान हॅम लोकांना, घरगुती पत्रं स्वतःकडे.

स्मारकाची कल्पना भावनेला पटणारी होती, पण कायद्यात बसत नव्हती. परवानाधारक नसताना ट्रान्समीटर मांडून ठेवणार कोण? एखाद्या महाविद्यालयात हौशी रेडिओचा क्लब काढून सेट तिथे ठेवता येतो, हा मार्ग तारबाबूंनी सुचवला. क्लबलाही परवाना आणि जबाबदार परवानाधारक माणूस लागतो. जवळपासच्या महाविद्यालयात चौकशी केली, तसा प्राध्यापक मिळाला नाही. संग्राहकाकडेही परवाना नव्हता, त्यामुळे तो प्रश्न तिथेच मिटला. नातीला आजोबांचा कॉलसाइन हवा होता. तो वारशाने मिळत नाही. तिला स्वतः परीक्षा देऊन स्वतःचा घ्यावा लागणार होता.

ताईंच्या वाटणीला माझा विरोध होता. रेडिओ वेगळा, सिनेमा वेगळा अशी रेघ मारायची तर ती कुठे मारायची? मी उघडलेल्या पहिल्याच लॉगबुकात हा प्रश्न समोर आला. लॉगच्या पानात तारीख, वेळ, समोरचा कॉलसाइन, फ्रिक्वेन्सी, आवाजाची प्रत असे रकाने असतात आणि शेवटी शेऱ्याचा. इतर हॅम त्या रकान्यात ‘खरखर फार’, ‘नवी अँटेना’ असं लिहितात. नानांचा शेऱ्याचा रकाना पानाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर सांडलेला होता आणि तिथे संवाद होते. भुसावळच्या हॅम सेटशी १९ मिनिटं बोलणं, समोर शेरा : “वळवाची खरखर. अर्धं गेलं.” आणि मागे, त्याच शाईत, एका बापाचं मुलाला टेलिफोनवरून बोलणं, ज्यातला निम्मा मजकूर मुद्दाम रिकाम्या टिंबांनी भरलेला. हे पान कुणाचं, चित्रपट संग्रहालयाचं की हॅम लोकांचं?

निर्णय आणि कृती

आधी सेट. यात तारबाबूंनी वेळ घालवला नाही. भुसावळ-सुरत गाडीने अमळनेरला उतरून ते आले, माडीवर चढले आणि पहिलं काम काय केलं तर ट्रान्समीटरचे कंडेन्सर रेझिस्टर लावून रिकामे केले. प्लगवरून काढलेल्या सेटमध्येही माणसाला फेकून देईल एवढा दाब उरू शकतो, हे त्यांनी आप्पांच्या मुलाला दाखवून सांगितलं. मग ट्रान्सीव्हर आणि ट्रान्समीटर त्यांनी आपल्या परवान्याखाली घेतले, ताईंनी मृत्यूच्या दाखल्यासह दिल्लीला लेखी कळवलं. प्रक्षेपण न करणारा जुना रिसीव्हर आणि मोर्स-की घरीच राहिली.

मनोऱ्याबद्दल शेजाऱ्यांनी ग्रामपंचायतीत अर्ज दिलेला होता. अर्जात तो ‘मोबाइल टॉवर’ होता आणि त्याच्या किरणांमुळे डोकं दुखतं असं लिहिलं होतं. नाना गेल्यापासून त्यातून एक वॅटसुद्धा बाहेर पडला नव्हता. तरी अर्ज सर्वस्वी निराधार म्हणता येणार नाही, कारण मनोऱ्याचे तणावे गंजले होते आणि आमच्याकडे वळवाच्या वादळात केळीच्या बागाच्या बागा आडव्या होतात. तारबाबूंनी पोलीस पाटलांना बसवून समजावलं आणि पावसाळ्याच्या आत मनोरा उतरवला गेला. ताईंना तो राहावा असं वाटत होतं. मला आप्पांचं म्हणणं पटलं.

मग कागद. इथे खरा निर्णय होता आणि तो एका योगायोगाने झाला. तारबाबू चहा घेत बसले होते, समोर ती न झालेली पटकथा उघडी. कोपऱ्यातला ११/७ पाहून ते म्हणाले, “हा प्रसंग नाही, ही वही आहे. अकरावी वही, सातवं पान.” अकरावी वही काढली. सातव्या पानाच्या मागे त्या प्रसंगाचा पहिला खर्डा होता, पुढच्या बाजूला तारीख आणि वेळ. नानांनी प्रत्येक पक्क्या पानावर त्याच्या कच्च्या खर्ड्याचा पत्ता लिहून ठेवला होता.

तेव्हाच ठरलं की काहीही वेगळं करायचं नाही. कोणतीही वही, पत्र, कार्ड घराबाहेर देण्याआधी सगळ्याची एकच यादी आणि सगळ्याचे स्कॅन. गंजलेल्या टाचण्या काढल्या, वाळवीने खाल्लेली पानं वेगळ्या पाकिटात घातली. ताईंनी पुण्याला कळवलेला होकार मागे घेतला. समोरच्यांनी समजूतदारपणे घेतलं.

अकराव्या आणि बाराव्या वहीच्या तारखा राजीनाम्यानंतरच्या होत्या. म्हणजे निम्मी संहिता निर्धोक. पण नऊ आणि दहा रद्दीत, आणि वकिलाला नेमकी सुरुवात हवी होती. सर्वांत आधीचा आकडा होता ९/३१.

हॅम लोक संपर्क झाल्यावर एकमेकांना पोस्टकार्डाएवढं क्यूएसएल कार्ड पाठवतात. त्यावर दोघांचे कॉलसाइन, तारीख, वेळ, फ्रिक्वेन्सी असते. नानांची अशी कार्डं बुटांच्या खोक्यांत होती, काही देशोदेशींच्या क्यूएसएल ब्यूरोंमार्फत, म्हणजे कार्डं गठ्ठ्याने पोचवणाऱ्या संस्थांमार्फत आलेली, काही थेट टपालाने. त्यांच्या कोपऱ्यातही पेन्सिलीने तेच : वही आणि पान. थेट आलेल्या काही कार्डांचा कोपरा कापलेला होता, कारण आप्पांच्या नातवाने तिकिटं जमवली होती आणि तिकिटाच्या मागे नानांचा आकडा होता. पण ब्यूरोकडून आलेल्या कार्डांना तिकीट नसतं. त्यात ९/२८ चं कार्ड मिळालं, पूर्व युरोपातल्या एका स्टेशनचं. त्यावरची तारीख राजीनाम्याच्या तारखेनंतरची. ज्या वहीचं २८ वं पान राजीनाम्यानंतर लिहिलं गेलं, तिचं ३१ वं पान आधीचं असू शकत नाही.

वकिलाने शंका काढली, आणि ती रास्त होती. एकट्या कार्डावर भिस्त कशी ठेवायची? प्रत्येक संपर्क दोन वह्यांत नोंदला जातो, एक या टोकाला, एक त्या टोकाला. तारबाबूंची स्वतःची लॉगबुकं शाबूत होती. त्यांना पाठवलेल्या कार्डांच्या प्रतीही नानांनी ठेवल्या होत्या, नवव्या आणि दहाव्या वहीचे पानक्रमांक घालून. जुळवणी सुरू केली तर रात्रीच्या संपर्कांच्या तारखा एका दिवसाने चुकू लागल्या. वकिलाच्या भुवया वर गेल्या. कारण साधं निघालं : तारबाबू रेल्वेतले, ते भारतीय वेळेने नोंद करत. नाना कार्डांवर जागतिक प्रमाणवेळ घालत, जी आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असते. रात्री पावणेदोनला झालेलं बोलणं एकाकडे आजच्या तारखेला, दुसऱ्याकडे काल २०:१५ ला. साडेपाच तास मिळवल्यावर तारबाबूंशी झालेला प्रत्येक संपर्क जागेवर बसला.

निष्पत्ती

संहितेचा पक्का मसुदा पूर्णपणे राजीनाम्यानंतरच्या खर्ड्यांवर बेतलेला आहे, असं निवेदन कार्डं, लॉगबुकं आणि तारबाबूंच्या प्रतिज्ञापत्रासह तयार झालं. निर्मितीसंस्थेने ते मान्य केलं. जुन्या कंपनीच्या वारसदारांकडून हरकत आली नाही. मूळ कागद एकत्रच, जिल्ह्यातल्या एका ग्रंथालयात ठेवले आहेत, स्कॅनची प्रत पुण्याला दिली. नातीचा मोर्सचा सराव भुसावळच्या तारबाबूंकडे चालू आहे.

जे हाती लागलं ते तारखा. तारबाबूंच्या वहीत त्या रात्री बोलणं झालं, आवाज किती स्वच्छ होता, किती वाजता थांबलं, हे सगळं आहे. नानांच्या पानामागे काय लिहिलं होतं ते तिथे असणं शक्यच नव्हतं. नाना शेवट आधी लिहून मग मागे येत, हे त्यांच्या इतर संहितांवरूनही दिसतं. म्हणून या गोष्टीचा शेवट दहाव्या वहीत होता. १०/१४२ ची तारीख आणि वेळ आज मिनिटापर्यंत सांगता येते. प्रसंग मात्र नाही.

रद्दीवाल्याचा माग आम्ही काढला. त्याने माल आठवड्याच्या गाडीत घातला होता आणि ती गाडी कागदाच्या कारखान्याकडे जाते.

वेगळं काय करता आलं असतं

आप्पांना दोष देणं सोपं आहे आणि गावात तो दिलाही गेला. मला तो चुकीचा वाटतो. वहीवर ‘रेडिओ लॉग’ लिहिलेलं असताना आत पटकथा आहे हे त्यांनी कशावरून ओळखायचं? हे नानांनी कुणाला तरी सांगायला हवं होतं. एवढी काटेकोर उलट-सुलट नोंद ठेवणाऱ्या माणसाने तिची किल्ली एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवली नाही. परवान्याबद्दलही तेच. “माझ्यामागे सेट भुसावळला द्यावेत” एवढी ओळ पुरली असती.

रंगकामाची घाई टाळता आली असती का? लग्नसराई तोंडावर होती, पाहुणे यायचे होते. घर थांबत नाही. पण खोली रिकामी करायची आणि काय टाकायचं ते ठरवायचं, ही दोन कामं एकाच दिवशी झाली. सामान नुसतं खालच्या कोठारात हलवलं असतं तरी वह्या वाचल्या असत्या.

तारबाबूंना उशिरा कळवलं, हे मला सर्वांत जास्त खटकतं. नाना सलग काही संध्याकाळी हवेत आले नाहीत तेव्हाच त्यांना शंका आली होती. पण त्यांच्याकडे घराचा फोन नंबर नव्हता आणि घरच्यांना ते माहीतच नव्हते. रोज बोलणाऱ्या दोन माणसांच्या घरांची एकमेकांशी ओळख नाही, हे हॅम मंडळींत सर्रास दिसतं. तेराव्याला ते आले असते तर वह्या पाहूनच त्यांनी हात धरला असता.

मुद्दा उरला तो शेवटाचा. निर्मितीसंस्था दुसऱ्या लेखकाकडून तो लिहून घेणार आहे आणि त्याला ताईंची हरकत नाही. कॉपीराइट कायद्याच्या कलम ५७ प्रमाणे लेखकाच्या नावाचा आणि कृतीच्या मोडतोडीविरुद्धचा हक्क वारसही बजावू शकतात. त्या आधारे ताईंनी करारात एक कलम घालून घेतलं : शेवटचा प्रसंग ज्याने लिहिला त्याचं नाव श्रेयनामावलीत वेगळं येईल, आणि मूळ संहिता कुठे थांबते ते छापील आवृत्तीत पान क्रमांकासह दाखवलं जाईल.